दुहेरी फाउल (बास्केटबॉल)

दुहेरी फाउल : प्रतिस्पर्धी संघांतील दोन खेळाडूंनी जवळजवळ एकाच वेळी एकमेकांविरुद्ध केलेले फाउल. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या (फिबा) नियमावलीत यासाठी कलम 35 आहे. भारतातील स्पर्धाही याच नियमावलीनुसार खेळल्या जातात.

दोन्ही फाउल खेळाडूंचेच हवेत, दोन्हींत अंगाला अंग लागलेले हवे आणि ते त्याच दोघांमध्ये घडलेले हवेत. शिवाय दोन्ही वैयक्तिक असावेत, किंवा दोन्ही त्याहून गंभीर, म्हणजे अखिलाडू वा अपात्र ठरवणारे. एकाचा साधा धक्का आणि दुसऱ्याचा अखिलाडू फाउल असेल, तर तो दुहेरी फाउल होत नाही. अशा वेळी शिक्षा ज्या क्रमाने फाउल घडले त्या क्रमाने दिल्या जातात.

नेहमीचे दृश्य बास्केटखालचे असते. चेंडू बाहेर ड्रिबल करणाऱ्याच्या हाती, शॉट क्लॉकवर 9 सेकंद. इकडे दोन उंच खेळाडू जागेसाठी एकमेकांचे हात धरून रेटारेटी करतात. पंच शिट्टी वाजवतो, दोन्ही मुठी आवळून हलवतो. दोघांच्या नावावर एकेक फाउल लागतो. फ्री थ्रो कोणालाच नाही. चेंडू ज्या संघाकडे होता त्याच्याकडेच राहतो आणि थ्रो-इननंतर तेच 9 सेकंद पुढे चालू होतात. त्याच क्षणी बास्केट झाली असेल तर ती धरली जाते आणि चेंडू दुसऱ्या संघाला अंतिम रेषेमागून मिळतो. चेंडू कोणाच्याच ताब्यात नसेल, तर ताबा आळीपाळीने देण्यासाठीचा बाण ज्याच्या बाजूने त्याला तो मिळतो.

वरवर पाहता हे फिट्टंफाट वाटते. तसे ते नाही. दोन्ही फाउल संघाच्या खात्यातही धरले जातात, आणि ज्याच्या नावावर आधीच 4 आहेत तो पाचव्याने थेट बाकावर जातो. समोरच्याचा तो पहिलाच असेल, तर सौदा चांगलाच महाग पडतो. म्हणूनच सुरुवात कोणी केली हे पाहायचे सोडून दोघांना सारखेच धरणारा पंच न्यायी नव्हे, आळशी ठरतो. धक्क्याला काही वेळाने दिलेले उत्तर दुहेरी फाउलात बसत नाही.

शाब्दिक चकमकीसाठी दोघांना मिळालेले तांत्रिक फाउल याहून वेगळे, कारण त्यांत संपर्क नसतो. तिथे कलम 42 लागते : दोन्ही संघांच्या समान शिक्षा परस्पर रद्द होतात आणि गुणपत्रकात त्या फाउलपुढे छोटा ‘सी’ लिहिला जातो. फाउल मात्र नावावर राहतोच.

प्रतिपक्षाच्या चुकीने हिशेब बदलण्याची कल्पना या खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ यांच्या 1891 च्या मूळ 13 नियमांतही आहे. तिथे एका संघाचे सलग 3 फाउल झाले की दुसऱ्याला गोल मिळे. मध्ये दुसऱ्याने फाउल केला की ती साखळी तुटे.

अमेरिकेतील एनबीएमध्ये दुहेरी वैयक्तिक फाउल खेळाडूच्या नावावर चढतो, संघाच्या खात्यात नाही. तिथे पंचांच्या मतभेदातूनही दुहेरी फाउल होऊ शकतो : एकाच धडकेत एकाने बचावपटूचा, दुसऱ्याने आक्रमकाचा फाउल दिला, तर गुण धरले जात नाहीत आणि मधल्या वर्तुळात जंप बॉल होतो.