बालगुन्हेगारी आणि कॉमिक्सविरोधी मोहीम (१९४६–१९५६) : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

पौगंडावस्थेतील मुले हिंसेकडे का वळतात, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्र व समाजशास्त्र यांच्या कक्षेतील मानला जातो. परंतु या प्रश्नाला स्वतःचा इतिहासही आहे. समाजाने त्याची कोणती उत्तरे स्वीकारली व कोणती दूर सारली, हे त्या इतिहासातून स्पष्ट होते. या दृष्टीने दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत झालेली कॉमिक्सविरोधी मोहीम अभ्यसनीय ठरते. प्रस्तुत लेखात या मोहिमेचे अग्रणी डॉ. फ्रेडरिक वर्थम यांच्या कार्याच्या अनुषंगाने तिचे विवेचन केले आहे.

एकाच अभ्यासकाच्या दोन भूमिका :

जर्मनीत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ वर्थम यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत, एका चर्चच्या तळघरात, लाफार्ग चिकित्सालय सुरू केले. तेथे गरीब रुग्णांकडून अवघे २५ सेंट शुल्क घेतले जाई. डेलावेअर राज्यातील शालेय वर्णविभाजनाविरुद्धच्या खटल्यात १९५१ मध्ये त्यांनी साक्ष दिली. विभक्त शाळांमुळे मुलांच्या मानसिक आरोग्याची हानी होते, असे त्यांनी मुलांच्या तपासणीच्या आधारे प्रतिपादन केले. हा खटला पुढे सुप्रसिद्ध ब्राऊन खटल्यात समाविष्ट झाला व १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे विभाजन घटनाबाह्य ठरविले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये वर्थम यांचा 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुन्हेगारी व भयकथांची कॉमिक्स हे बालगुन्हेगारीचे एक महत्त्वाचे कारण आहे, असे त्यात प्रतिपादन होते. सिनेटच्या उपसमितीसमोरही त्यांनी हीच भूमिका मांडली. कॉमिक्स हे एकमेव कारण असल्याचा त्यांचा दावा नव्हता. तथापि जनमानसात तोच अर्थ रुजला. ऑक्टोबर १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' स्वीकारला. तो २०११ पर्यंत टिकला.

पुराव्यांची फेरतपासणी :

वर्थम यांची खासगी कागदपत्रे २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाली. कॅरल टिली यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसून आले की, वर्थम यांनी मुलांची विधाने बदलली होती, काही ठिकाणी अनेक मुलांची विधाने एकत्र केली होती आणि कॉमिक्सखेरीज अन्य कारणे दर्शविणारा तपशील गाळला होता. ज्या अभ्यासकाने वर्णभेदाचा मुलांवरील आघात न्यायालयापुढे मांडला, त्याच्याच ग्रंथात मुलांची सामाजिक परिस्थिती अशी झाकोळली गेली, हे लक्षणीय आहे.

भारतीय संदर्भ :

या मोहिमेचे पडसाद अन्यत्रही उमटले. ब्रिटनने १९५५ मध्ये बालकांना हानिकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. त्यापाठोपाठ भारतीय संसदेने 'तरुण व्यक्ती (हानिकारक प्रकाशने) अधिनियम, १९५६' संमत केला. गुन्हे, हिंसा, क्रौर्य वा बीभत्स प्रसंग रंगविणाऱ्या व वीस वर्षांखालील व्यक्तींना बिघडवू शकणाऱ्या प्रकाशनांच्या विक्रीस सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात करण्यात आली. ब्रिटिश व भारतीय कायद्यांतील साम्य पाहता, प्रश्नाबरोबर त्याचे तयार उत्तरही आयात झाले, असे म्हणावे लागते.

निष्कर्ष :

कॉमिक्सनंतर दूरदर्शन, व्हिडिओ गेम व मोबाइल यांवर क्रमाक्रमाने हाच आरोप झाला. हिंसक व्हिडिओ गेमच्या अल्पवयीनांना होणाऱ्या विक्रीवर निर्बंध घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केला. सादर केलेल्या अभ्यासांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, असे मत न्यायालयाने त्या वेळी नोंदविले. याचा अर्थ माध्यमे सर्वथा निरुपद्रवी आहेत, असा नव्हे. परंतु पुस्तिकेवर बंदी घालणे सोपे असते. दारिद्र्य, भेदभाव, घरातील मारहाण व शाळेतील अवहेलना दूर करणे कठीण असते. सोपे उत्तर सापडले की कठीण प्रश्न विचारणे थांबते, हीच या इतिहासाची शिकवण आहे. आपल्या वर्गातील एखादा विद्यार्थी हिंसक वर्तन करतो, तेव्हा त्याच्या हातात काय होते, याबरोबरच तो कोणत्या परिस्थितीतून आला, हेही शिक्षकाने तपासणे आवश्यक आहे.