कॉस्च्युम ज्वेलरी
कॉस्च्युम ज्वेलरी म्हणजे सोने व रत्नांऐवजी साधे धातू, काच, प्लास्टिक इत्यादींपासून घडवलेले दागिने होत. अमेरिकेतील जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानांत आणि चर्चच्या विक्रीत ते बहुधा एकाच ढिगात, काळाची नोंद न करता विकले जातात. त्यामुळे काळ ठरवण्यासाठी दागिन्याच्या मागील बाजूवरील ठसा महत्त्वाचा ठरतो.

१९५५ मध्ये ‘ट्रिफारी’ कंपनीने दाखल केलेल्या खटल्यात न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयाने अशा दागिन्यांची रचना प्रताधिकारास पात्र मानली. त्यानंतर वर्तुळातील ‘सी’ हे चिन्ह दागिन्यांवर सर्रास उमटू लागले. ते असल्यास दागिना सहसा १९५५ नंतरचा समजतात. चिन्ह नसणे हा मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात साधे धातू युद्धकार्यासाठी राखून ठेवल्याने अनेक उत्पादकांनी ९२.५ टक्के शुद्धतेची चांदी वापरली. पण चांदीचा ठसा आधीच्या व नंतरच्या दागिन्यांवरही आढळतो.

१९०७ मध्ये लिओ बेकलंड यांनी शोधलेले बेकेलाइट गरम पाण्यात धरल्यास फॉर्माल्डिहाइडसारखा उग्र वास येतो. चिकटवलेल्या खड्यांच्या दागिन्यांवर हा प्रयोग करू नये. पाण्याने खडे निखळतात.