शाळेचं कपाट आणि गावचं वाचनालय

पुस्तकांचं गाव म्हटलं की आपल्याला भिलार आठवतं. 4 मे 2017 ला सुरुवात झाली तेव्हा 25 ठिकाणी सुमारे 15,000 पुस्तकं मांडली होती. घरांत, देवळात, लॉजवर, शाळेत. पुढं सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचंही नाव या योजनेत आलं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वे गावावरून घेतलेली. पण तिथं पुस्तकं विकतात, भिलारला ती फुकट वाचायला मिळतात. पुस्तक शाळेचं की गावाचं, हा प्रश्नच तिथं येत नाही.

मग बाकीच्या गावांत तो का येतो? मला वाटतं, याचं मूळ जुनं आहे.

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि 1910 मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. फिरत्या पेट्यांतून पुस्तकं खेड्यापर्यंत जाऊ लागली. हिशेब साधा होता: शाळा सुटल्यावर हातात पुस्तक नसेल, तर शिकलेली अक्षरंही विसरतात. शाळा आणि वाचनालय हे एकच काम मानलं होतं.

आपल्याकडं 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग आणि अनुदान मिळालं, गावोगावी वाचनालयं टिकली. हे मोठंच काम. पण ग्रंथालय संचालनालय आज उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडं, आणि शाळा शालेय शिक्षण विभागाकडं. दार वेगळं, फाईल वेगळी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं म्हटलं, पण ग्रंथपालाची सक्ती केली नाही. मग चावी एखाद्या गुरुजींच्या खिशात. पुस्तक हरवलं तर डेडस्टॉक रजिस्टरला उत्तर कोण देणार? त्यापेक्षा कपाट बंद बरं! आणि वाचनालयात पोरं फिरकत नाहीत, म्हणून बालविभागावर धूळ.

15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आपण साजरा करतोच. उरलेल्या 364 दिवसांचं काय?

मंडळी, यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट बघायला नको. शाळा व्यवस्थापन समिती आणि वाचनालयाचं संचालक मंडळ, दोन्हीकडं आपलीच माणसं असतात. महिन्याला 50 पुस्तकांची एक पेटी वाचनालयातून शाळेत जावी, सहीनं जावी, सहीनं परत यावी. आठवड्यातला एक तास पोरांनी वाचनालयात बसावं. एखादं पुस्तक फाटलं तर फाटू द्या. वाचून फाटलेलं पुस्तक वाळवीनं खाल्लेल्यापेक्षा कधीही चांगलं.

येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या शाळेच्या कपाटाची चावी कुणाकडं आहे?