मॉरिशस : निर्मनुष्य बेटापासून राष्ट्रापर्यंत

बहुतेक देशांच्या इतिहासाचे पहिले पान एखाद्या मूळ जमातीच्या नावाने सुरू होते. मॉरिशसच्या इतिहासाचे पहिले पान मात्र कोरे आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या बेटावर मनुष्यवस्ती नव्हती. तेथे आज राहणाऱ्या प्रत्येकाचा कोणी ना कोणी पूर्वज जहाजातून उतरलेला आहे. कोणी मालक म्हणून उतरला, कोणी साखळदंडात, कोणी करारावर अंगठा उठवून. ‘आम्ही येथले मूळचे’ असे म्हणण्याचा अधिकार जेथे कोणालाच नाही, तेथे राष्ट्र कसे उभे राहते, हे पाहण्यासाठी याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात, मादागास्करच्या पूर्वेस आठशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर हे बेट आहे. लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी सुमारे ४५. मध्यभागी पठार, कडेला तुटक डोंगररांगा आणि भोवती प्रवाळाचे कडे. सर्वांत उंच शिखर अवघे ८२८ मीटरांचे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याने. जमीन ज्वालामुखीची, खडक काळा बेसाल्ट. येथे एक विलक्षण नाते सांगण्याजोगे आहे. भूवैज्ञानिकांच्या मते, भूगर्भातील ज्या तप्त स्रोताने सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर अंथरले, त्याच स्रोतातून पुढे, भारतभूमी उत्तरेकडे सरकून गेल्यावर, मॉरिशस आणि शेजारचे रियुनियन ही बेटे वर आली. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडचे मजूर उसाच्या शेतांतून जे काळे धोंडे वेचून ढीग रचत होते, ते त्यांच्या घरामागच्या सह्याद्रीचेच धाकटे भावंड होते.

अरब नाविकांना बेट ठाऊक होते. १५०२ सालच्या एका पोर्तुगीज नकाशावर त्याचे अरबी नाव आढळते. पोर्तुगीज आले, पाणी भरून गेले. या द्वीपसमूहाला ‘मास्कारेन’ हे नाव ज्या पेद्रु मास्कारेन्हासवरून पडले, तो पुढे गोव्यात पोर्तुगिजांचा व्हाइसरॉय झाला. १५९८ मध्ये डच आले व त्यांनी आपल्या मॉरित्स या राजपुत्राचे नाव बेटाला दिले. त्यांची वसाहत १६३८ मध्ये सुरू झाली आणि १७१० मध्ये कायमची उठली. तेवढ्या काळात शिसवीची अरण्ये तुटली, डोडो पक्षी नाहीसा झाला आणि जावाहून आणलेला ऊस रुजला. डचांनी मागे ठेवलेल्या वस्तूंपैकी त्या उसानेच पुढची दोनशे वर्षे बेटाचे भाग्य लिहिले.

१७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेऊन त्याला ‘फ्रान्सचे बेट’ असे नाव दिले. १७३५ मध्ये आलेल्या माहे द ला बुर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुईचे बंदर, रस्ते, रुग्णालय आणि साखरेचे कारखाने उभे केले. इतिहासाची पुस्तके त्याचे कौतुक करतात व ते अयोग्यही नाही. मात्र ते बंदर ज्यांच्या पाठीवर उभे राहिले, ते मादागास्कर आणि मोझांबिकहून पकडून आणलेले गुलाम होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरील दर दहा माणसांपैकी आठांहून अधिक गुलाम होते. त्यांच्यातले काही पळून नैर्ऋत्येकडील ल मोर्न या डोंगरावर आश्रय घेत. मालक आणि गुलाम यांच्या तुटक संभाषणातून, फ्रेंच शब्द मोडून जोडून, जी बोली जन्मली ती क्रेओल. ज्यांची भाषा हिरावून घेतली गेली होती, त्यांनीच घडवलेली ही बोली पुढे साऱ्या देशाची झाली.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले आणि जुने नाव परत दिले. तहानुसार फ्रेंच रहिवाशांचे कायदे, धर्म आणि चालीरीती अबाधित राहिल्या. म्हणूनच दीडशे वर्षांच्या इंग्रजी राजवटीनंतरही तेथील वृत्तपत्रे मुख्यतः फ्रेंचच राहिली. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. मालकांना वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. मुक्त झालेल्यांना काहीही मिळाले नाही, उलट १८३९ पर्यंत ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकांकडे राबावे लागले.

मळ्यांना आता नवे हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय या वाटेने आले. बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागातले कलकत्त्याहून, तमिळ व तेलुगू भाषक मुख्यतः मद्रासहून, कोकणातले मराठी मुंबईहून. ज्या घाटावर ते उतरत, तेथील दगडी पायऱ्या सोळा आहेत. पूर्वी त्याला ‘कुली घाट’ म्हणत. आज तो ‘आप्रवासी घाट’ या नावाने जागतिक वारशाच्या यादीत आहे. करार पाच वर्षांचा, सुरुवातीचा पगार महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. करार संपलेल्या माणसालाही छायाचित्र लावलेला परवाना खिशात नसल्यास रस्त्यावर पकडले जाई.

येथे थोडे थांबून एक फरक ध्यानात घ्यावा. तंजावर, बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथे मराठी समाज गेला तो फौजेबरोबर आणि दफ्तराबरोबर; त्याच्यामागे दरबार होता, देवळे बांधणारे धनी होते, पुढे शाळा काढणारे संस्थानिकही होते. मॉरिशसला गेलेल्या मराठी कुणब्यामागे कोणीच नव्हते. महाराष्ट्राबाहेरील मराठीचा इतिहास सांगताना त्याची आठवण क्वचितच निघते.

अन्यायाला पहिली मोठी वाचा फोडली ती आदोल्फ द प्लेव्हित्स या युरोपीय मळेवाल्याने. १८७१ मध्ये त्याने जुन्या आप्रवाशांच्या ९,४०१ सह्यांचा अर्ज सरकारला सादर केला. त्यातून शाही चौकशी आयोग आला व काही जाचक नियम सैल झाले. त्याहून खोल परिणाम मात्र बाजारभावाने घडवला. साखरेचे भाव उतरले, तसे मोठ्या मळ्यांच्या मालकांनी कडेच्या हलक्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या आणि पै-पै साठवलेल्या मजुरांनी त्या घेतल्या. शेतमजुराचा शेतकरी झाला, गावे वसली आणि गावात ‘बैठका’ आली. बैठका म्हणजे गवताने शाकारलेली साधी झोपडी. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे तेथे रात्री दिव्याच्या उजेडात आपापली भाषा गिरवीत.

१९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी बेटावर सुमारे तीन आठवडे राहिले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, हा त्यांचा सल्ला होता. पुढे १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे मूळचे बडोद्याचे बॅरिस्टर तेथे आले. त्यांनी मजुरांचे खटले चालवले, ‘हिंदुस्थानी’ हे वृत्तपत्र काढले. १९३६ मध्ये डॉ. मोरिस क्युरे यांनी मजूर पक्ष स्थापन केला. दुसऱ्याच वर्षी मळ्यांवर असंतोष उसळला, गोळीबार झाला. सप्टेंबर १९४३ मध्ये उत्तरेकडील एका मळ्यावर पुन्हा गोळ्या चालल्या; बळी पडलेल्यांत अंजले कुपेन ही गरोदर मजूर स्त्री होती.

मतदानाचा हक्क तोवर मालमत्तेशी जोडलेला होता. १८८५च्या घटनेनुसार लोकसंख्येच्या शेकडा दोन जणांनाही तो नव्हता. १९४७च्या नव्या घटनेने मालमत्तेची अट काढून साक्षरतेची घातली : बेटावरील मान्य भाषांपैकी कोणत्याही एकीत साधे वाक्य लिहिता-वाचता आले की पुरे. इंग्रजी-फ्रेंचबरोबर भारतीय भाषाही चालणार होत्या. ही अट पाहून मळेवाले निर्धास्त राहिले असावेत. परंतु पंडित वासुदेव विष्णुदयाल यांच्या ‘जन आंदोलना’चे स्वयंसेवक गावोगाव पाट्या-पेन्सिली घेऊन फिरले आणि बैठकांतले दिवे रात्री उशिरापर्यंत जळत राहिले. आयुष्यभर अंगठा उठवलेली प्रौढ माणसे, त्यांत स्त्रियाही, आपले नाव लिहायला शिकली. मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून सुमारे ७२ हजारांवर गेली. १९४८च्या निवडणुकीत मळेवाल्यांच्या हातून विधिमंडळ निसटू लागले. सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला तो १९५९ मध्ये. पण खरा बांध फुटला होता तो अक्षरांनी.

स्वातंत्र्य सुखासुखी आले नाही आणि सर्वांना ते हवेही नव्हते. भारतीय वंशाच्या बहुसंख्येखाली आपले काय होणार, ही भीती क्रेओल व फ्रेंच वंशीयांत होती आणि गाएतान द्युव्हाल यांच्यासारखा प्रभावी वक्ता तिला शब्द देत होता. ऑगस्ट १९६७च्या निवडणुकीत शिवसागर रामगुलाम यांच्या आघाडीला ६२ पैकी ३९ जागा मिळाल्या; मते मात्र शेकडा ५६च्या आसपास. म्हणजे दर दहा मतदारांपैकी चारांहून अधिक जणांनी विरोधी कौल दिला होता. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत दंगल झाली, ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १२ मार्च १९६८ रोजी, लाल, निळा, पिवळा, हिरवा असा चार पट्ट्यांचा ध्वज वर चढला. १९९२ मध्ये त्याच तारखेला देश प्रजासत्ताक झाला. अल्पसंख्याकांसाठी घटनेत एक युक्ती आहे : ज्या समाजाला प्रतिनिधित्व कमी पडते, त्याच्या पराभूत उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाऱ्यांना जादा जागा. ही व्यवस्था माणसाला जमातीच्या चौकटीत बसवते, अशी टीका तेथेच होते व ती रास्त आहे. पण दंगलीतून निघालेल्या त्या देशात सत्तांतरे मतपेटीतूनच होत राहिली, हेही खरे. स्वातंत्र्याची एक किंमत मात्र बेटापासून दूर राहणाऱ्यांनी मोजली. १९६५ मध्येच ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला आणि पुढे लष्करी तळासाठी तेथील रहिवाशांना उठवले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये ते तोडणे बेकायदेशीर ठरवले.

मराठी समाज या सगळ्यात संख्येने लहान, मुख्यतः बेटाच्या पश्चिमेकडच्या व मधल्या भागात वसलेला. गणेशचतुर्थी आज तेथे सार्वजनिक सुटी आहे. कोकणातली जाखडी ‘झाकरी’ या नावाने अजून नाचली जाते. शाळांत मराठी हा विषय घेता येतो. पण आरती संपल्यावर मंडळी आपसांत बोलतात ती क्रेओलमध्ये. बैठकांत जी अक्षरे राखली गेली, ती पुस्तकात आणि देवघरात टिकली. स्वयंपाकघरातली आणि अंगणातली मराठी दोन-तीन पिढ्यांत विरली. दरबार नसताना एवढे राहिले, हे थोडे नव्हे.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवाशांच्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, आणि पुढच्या काळातील नोंदींबरोबर छायाचित्रही. पहिल्या आप्रवाशाचे नावच पुढे घराण्याचे आडनाव झाले, म्हणून तेथे ‘जी’ने संपणारी मराठी आडनावे आढळतात. वंशज अजून त्या वह्यांत आपले गाव शोधायला येतात. गावाचे नाव कारकुनाने कानावर पडले तसे इंग्रजीत उतरवलेले असते. ते मोठ्याने, निरनिराळ्या तऱ्हांनी म्हणून पाहावे लागते, तेव्हा कुठे एखादे ओळखू येते.