भूमिगत इंधनटाक्या आणि मृदाप्रदूषण : अमेरिकेतील कायद्याचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

विसाव्या शतकातील अमेरिकेचा सामाजिक इतिहास मोटारगाडीला वगळून लिहिता येत नाही. मात्र या मोटारयुगाला इंधन पुरविणाऱ्या भूमिगत टाक्यांचा इतिहास तुलनेने उपेक्षित राहिला आहे. आगीचा धोका टाळण्यासाठी पेट्रोल जमिनीखाली साठविण्याची पद्धत रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोलपंपांची संख्या वाढली आणि गंजरोधक संरक्षण नसलेल्या असंख्य पोलादी टाक्या पुरल्या गेल्या. कालांतराने त्या गंजून गळू लागल्या. टाकी काढून घेतल्यावर मागे उरणाऱ्या दूषित मातीची दखल कायद्याने केव्हा व कितपत घेतली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गळतीचे स्वरूप

गळलेले पेट्रोल मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून खाली झिरपते. त्याचा काही अंश मातीला चिकटून राहतो, तर उरलेला भाग पाण्यापेक्षा हलका असल्याने भूजलाच्या पातळीवर तरंगतो. त्यातील बेंझिनसारखे कर्करोगकारक घटक पाण्यात विरघळतात. म्हणजेच टाकी उपसल्याने गळती थांबते, प्रदूषण थांबत नाही. दूषित माती हाच प्रदूषणाचा नवा स्रोत ठरतो.

कायद्याची जडणघडण

१९८३ साली सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाने गळक्या टाक्यांमुळे बाधित झालेल्या कुटुंबांची व्यथा देशासमोर मांडली. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने घनकचरा व्यवस्थापनविषयक कायद्यात दुरुस्ती करून भूमिगत टाक्यांना नियमनाखाली आणले. १९८६ मध्ये इंधनावर गॅलनमागे ०.१ सेंट कर बसवून सफाईसाठी स्वतंत्र निधी उभारण्यात आला. १९८८ च्या नियमांनी जुन्या टाक्या सुधाराव्यात, बदलाव्यात किंवा बंद कराव्यात यासाठी २२ डिसेंबर १९९८ ही मुदत ठरविली. या दशकात लक्षावधी टाक्या बंद झाल्या.

मातीची साक्ष

या नियमांतील सर्वांत महत्त्वाची तरतूद टाकी बंद करण्याविषयीची होती. टाकी रिकामी व स्वच्छ करून ती उपसावी किंवा निष्क्रिय घन पदार्थाने भरावी. परंतु त्यापूर्वी गळतीची शक्यता जेथे अधिक, तेथे तपासणी करणे मालकावर बंधनकारक झाले. अशा प्रकारे अनेक वर्षे दडून राहिलेली गळती खड्ड्यातील मातीने उघड केली. उलटपक्षी, हे नियम लागू होण्यापूर्वी बंद झालेल्या टाक्यांच्या जागी तपासणी आपोआप बंधनकारक नव्हती; संबंधित यंत्रणेने आदेश दिला तरच ती करावी लागे. एकाच रस्त्यावरील दोन जागांपैकी एकीची नोंद दप्तरात राहिली, तर दुसरी विस्मृतीत गेली. हा भेद मातीच्या गुणधर्मांमुळे नव्हे, तर केवळ तारखेमुळे निर्माण झाला.

विज्ञान आणि धोरण

१९९५ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या कॅलिफोर्नियाविषयक अहवालाने असे दाखविले, की मातीतील जिवाणू पेट्रोलच्या घटकांचे विघटन करतात आणि त्यामुळे प्रदूषणाचा विस्तार बहुधा मर्यादित राहतो. त्यामुळे खर्चिक सफाईच्या आवश्यकतेविषयी प्रश्न उपस्थित झाले. परंतु १९९६ मध्ये सांता मोनिका शहराला एमटीबीई या इंधनमिश्रकाने दूषित झालेल्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. हे द्रव्य पाण्यात सहज विरघळते, मातीला फारसे चिकटत नाही आणि त्याचे विघटनही संथ गतीने होते. पेट्रोलची घडण बदलली, की मातीविषयीचे जुने निष्कर्षही अपुरे पडतात, हे यातून स्पष्ट झाले.

निष्कर्ष

संघीय कार्यक्रमाच्या आरंभापासून पाच लाखांहून अधिक गळतींची निश्चिती झाली असून त्यांपैकी बहुतेक ठिकाणची सफाई पूर्ण झाली आहे. तथापि, घरगुती वापराच्या तापनतेलाच्या टाक्या आणि शेतावरील लहान इंधनटाक्या या संघीय नियमांच्या कक्षेबाहेरच राहिल्या. कायद्याने जेथे माती तपासण्याची सक्ती केली, तेथील प्रदूषण इतिहासाच्या नोंदीत आले. म्हणून शासकीय आकडे हे प्रदूषणाचे संपूर्ण मोजमाप नसून शोधले गेलेल्या प्रदूषणाचे मोजमाप आहेत. पर्यावरणाच्या इतिहासाची साधने हाताळताना अभ्यासकाने हा फरक सतत ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.