दिनविशेष : १० डिसेंबर १८५७
सोनाखानचा जमीनदार

रायपुरात या दिवशी सोनाखानचे बिंझवार जमीनदार नारायणसिंह यांना फाशी देण्यात आली. शहराच्या मध्यावरचा जयस्तंभ चौक त्यांच्या स्मृतीशी जोडला गेला आहे.

छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर १८५४ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केले आणि रायपूरला गोरा डेप्युटी कमिशनर आला. दोनच वर्षांनी दुष्काळ पडला. सोनाखान हे डोंगर-जंगलातले छोटे गाव. घरोघरी कणग्या रिकाम्या झाल्या, तर जवळच्या कसडोलला एका सावकाराची कोठारे धान्याने भरलेली होती. नारायणसिंहांनी ती फोडून धान्य भुकेल्यांना वाटले. विशेष म्हणजे, आपण काय केले हे त्यांनी स्वतःच सरकारला कळवले. लपवण्याजोगे काही केले, असे त्यांना वाटतच नव्हते! सरकारलेखी मात्र तो दरोडाच ठरला.

ऑक्टोबर १८५६ मध्ये ते पकडले गेले. पुढच्या ऑगस्टात रायपूरच्या तुरुंगातून निसटले, सोनाखानला परतून माणसे जमवली आणि लढले. अखेर गावकऱ्यांचे हाल पाहवेनात, म्हणून ते शरण गेले, असे छत्तीसगडात आजही सांगतात.

१९८७ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले.