रानपिंगळ्यापर्यंतचे अंतर

धारणीच्या सागवानात रानपिंगळा मला प्रथम दिसला तो भरदिवसा, निष्पर्ण फांदीवर. माझ्या जुन्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरची एफ/४ लेन्स होती आणि मधे दुप्पट टेलिकन्व्हर्टर. लेन्स फोकस शोधत घरघरत राहिली आणि पक्षी उडाला. चूक कुठे झाली हे शोधता शोधता मी लेन्सच्या इतिहासात शिरलो.

पूर्वी फोकससाठी लेन्समधली सगळी काचच पुढे सरके. १९७०च्या दशकात निकॉनने टेलिफोटो लेन्समध्ये अंतर्गत फोकस आणला. आतला हलका काचसमूह तेवढा सरके आणि नळीची लांबी तीच राही. हलका भार मोटरलाही सोयीचा. १९८६च्या निकॉन एफ-५०१मध्ये ही मोटर कॅमेऱ्यात होती आणि एका दांड्याने लेन्स फिरवी. पुढच्याच वर्षी कॅननने ईओएस काढून मोटर थेट लेन्समध्ये बसवली. १९९२मध्ये निकॉनने मोटरवाल्या लेन्स आणल्या. त्यांच्यासोबतच्या कन्व्हर्टरमध्ये दांडा नव्हता, त्यामुळे जुन्या लेन्सना ते निरुपयोगी. शिवाय काही कन्व्हर्टरची पुढची काच बाहेर आलेली असते. लेन्सच्या मागे पोकळी नसेल तर ती काचेवर आदळते.

माझ्या कन्व्हर्टरला दांडा होता, काचही नीट बसत होती. अडले ते प्रकाशापाशी. १.४ पट कन्व्हर्टर निम्मा प्रकाश खातो, दुप्पट तीन चतुर्थांश. माझी एफ/४ लेन्स एफ/८ झाली होती आणि त्या पिढीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस एफ/५.६पर्यंतच भरवशाचा. मी फक्त आकडा मोठा पाहून विकत घेतले होते.

हुकलेल्या त्या छायाचित्राची रुखरुख मोठी होती. १८७३मध्ये ह्यूम यांनी नोंदवलेल्या या पक्ष्याचा १८८४नंतर एकही खरा नमुना नव्हता. मेनर्ट्झहॅगन यांनी १९१४चा म्हणून दाखवलेला नमुना संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला. नोव्हेंबर १९९७मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अबॉट यांना शहाद्याजवळ जिवंत पक्षी सापडला. या वेळी पुरावा म्हणून पक्षी मारावा लागला नाही, छायाचित्रे पुरली. पुढे तो आमच्या मेळघाटातही आढळला.

पुढच्या हिवाळ्यात मी १.४ पट कन्व्हर्टर नेला. ४२० मिलिमीटर, एफ/५.६. चित्रात पक्षी लहानच आला, पण डोळे स्पष्ट. आणखी चार पावले पुढे गेलो असतो तर मोठा आला असता. गेलो नाही. मी निघालो तेव्हा तो त्याच फांदीवर होता.